जेम्स बर्कले आणि घाटाचे गणित

तुमच्यापैकी पुष्कळांनी मलकापूरहून बुलढाण्याला एसटीने प्रवास केला असेल. मोताळा मागे पडले की थोड्या वेळाने राजूर घाट लागतो. सपाट रस्त्यावर वेगाने धावणारी बस तेथे एकदम हळू होते. ड्रायव्हर गिअर बदलतो, इंजिनाचा आवाज वाढतो. रस्ता सरळ वर जात नाही. तो वळणे घेत घेत डोंगराच्या कडेने चढतो. वरचे टोक समोर दिसत असते. मग रस्ता एवढा लांबून कशासाठी नेला असेल? सरळ वर नेला असता तर वाट कमी झाली नसती का?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण तो तसा नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका तरुण अभियंत्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या रूपात उभा राहिला होता. त्याला बस नव्हे, तर शेकडो मणांची आगगाडी सह्याद्रीवर चढवायची होती. त्या अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. आज मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव या आपल्या जिल्ह्यातील स्टेशनांवरून ज्या गाड्या मुंबईला जातात, त्या लोहमार्गाची सुरुवात बर्कले यांच्या हातून झाली.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळ हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षण झाले. तो काळ इंग्लंडमध्ये आगगाडीच्या नवलाईचा होता. गावागावांत रूळ टाकले जात होते. कॉलेज संपल्यावर बर्कले अभियंत्याचे काम शिकू लागले. पुढे त्यांना रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. रॉबर्ट हे जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव. पितापुत्र दोघेही रेल्वेच्या इतिहासात अजरामर झाले आहेत. अशा उस्तादाजवळ राहून बर्कले यांनी मोजमाप, नकाशा आणि हिशेब यांची शिस्त अंगी बाणवली.

याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नावाची कंपनी मुंबईत आगगाडी सुरू करण्याच्या तयारीला लागली होती. तिला एका मुख्य अभियंत्याची गरज होती. स्टीफन्सन यांनी बर्कले यांचे नाव सुचवले. १८५० साली बर्कले मुंबईत उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

आता थोडा वेळ आपण त्या वेळच्या वऱ्हाडाकडे पाहू, म्हणजे आगगाडीची गरज का होती ते तुमच्या ध्यानात येईल.

वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पण हा कापूस मुंबईच्या बंदरात पोहोचवणे सोपे नव्हते. खामगावपासून मुंबई पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. कापूस बैलांच्या पाठीवर किंवा बैलगाड्यांतून जाई. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे ही वाहतूक करीत. प्रवासाला कित्येक आठवडे लागत. वाटेत धूळ बसून कापूस मळे, अवकाळी पाऊस आला तर भिजे. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून बसे आणि गाडी जागच्या जागी रुतून पडे. बैल ओढून ओढून थकत आणि गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा लावी. एवढे कष्ट होऊनही माल पुढे सरकत नसे.

असे का होत होते? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला 'घर्षण' म्हणतात, त्यामुळे. चाक रस्त्यावरून फिरताना माती त्याला अडवते. चाक आसावर फिरताना तोही घासतो. म्हणूनच गाडीवान आसाला वंगण लावतो. कच्च्या रस्त्यावर एक टन वजनाची गाडी ओढायची तर साधारण पन्नास किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. चिखल असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक ठेवले म्हणजे काय होते ते पाहा. रूळ गुळगुळीत आणि कडक असतो. चाक त्यात रुतत नाही. तेच एक टन वजन ओढायला तेथे चार-पाच किलोंइतका जोर पुरतो. म्हणजे घर्षण जवळजवळ दहा पटींनी कमी झाले! आगगाडीची सगळी किमया या एका गोष्टीत आहे. इंजिनाची ताकद ही नंतरची गोष्ट.

बर्कले यांनी मुंबई ते ठाणे हा पहिला मार्ग तयार केला. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी गाडी या मार्गावर धावली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि ओढायला तीन इंजिने. चौतीस किलोमीटरांचे अंतर गाडीने सहज पार केले. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून हा चमत्कार पाहत होते.

परंतु बर्कले यांना खरी काळजी पुढची होती. ठाणे, कल्याण येथपर्यंतची जमीन बहुतेक सपाट होती. कल्याणपासून मार्गाचे दोन फाटे करायचे होते. एक फाटा नाशिकवरून खानदेश, वऱ्हाड आणि नागपूरकडे जाणार होता. दुसरा पुण्याकडे आणि तेथून दक्षिणेत जाणार होता. दोन्ही वाटा अडवून सह्याद्री उभा होता. माळशेज घाटाने वर जाण्याचाही विचार झाला होता. शेवटी वऱ्हाडच्या वाटेसाठी थळ घाट आणि पुण्याच्या वाटेसाठी बोरघाट निवडण्यात आला. या दोहोंपैकी बोरघाट अधिक उंच आणि अधिक अवघड. म्हणून आपण त्याचाच हिशेब पाहू.

बोरघाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रूळ ५५८ मीटर उंच न्यायचे होते. येथे एक मोठी अडचण होती. ज्या गुणामुळे आगगाडी सपाटीवर बैलगाडीला हरवते, तोच गुण डोंगरात तिच्या विरुद्ध जातो. ते कसे?

समजा, चढ असा आहे की सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर चढतो. बैलगाडीच्या दृष्टीने हा चढ फार मोठा नाही. या चढावर एक टन वजन वर ओढताना वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंचा जोर जादा लागतो. बैलगाडीला आधीच पन्नास लागत होते, आता सत्त्याहत्तर लागतील. म्हणजे दीडपट. बैल दमतील, पण गाडी चढेल. आता आगगाडीचे पाहा. तिला सपाटीवर साडेचार किलो पुरत होते. त्यात सत्तावीस मिळवा. साडेएकतीस झाले. म्हणजे सातपट! सपाटीवर जी गाडी एक इंजिन हसत हसत ओढते, तिच्यासाठी या चढावर तसलीच सात इंजिने लागतील.

उतारावर तर आणखी गंमत आहे. गंमत कसली, धोकाच म्हणा. या उतारावर कच्च्या रस्त्यावरची बैलगाडी बैल सोडले तरी जागेवर उभी राहील. तिला खाली ओढणारा जोर सत्तावीसचा आणि अडवणारे घर्षण पन्नासचे. आगगाडीला अडवणारे घर्षण फक्त साडेचारचे. तिचा ब्रेक सुटला की ती आपोआप धावू लागते आणि प्रत्येक क्षणाला तिचा वेग वाढत जातो. जे घर्षण आपल्याला नको होते, तेच उतारावर ब्रेकच्या रूपाने परत आणावे लागते.

मग कोणी विचारील, डोंगरावर सरळ, उभा मार्ग का नेऊ नये? वाट तरी कमी होईल. चला, तोही हिशेब करून पाहू. एक टन वजन ५५८ मीटर उंच न्यायला सुमारे ५५ लाख जूल कार्य करावे लागते. तुम्ही ते सरळ न्या, वळणे घेऊन न्या, ५५ लाखांतला एक जूलही वाचत नाही. उलट वाट लांबली की घर्षणाविरुद्धचे कार्य थोडे वाढते. बर्कले यांचा मार्ग साडेपंचवीस किलोमीटरांचा झाला. तेवढ्या वाटेवर घर्षणासाठी आणखी ११ लाख जूल लागतात. दहा मीटरांत एक मीटर चढणारा उभा मार्ग केला असता, तर तो साडेपाच किलोमीटरांतच माथ्यावर पोहोचला असता आणि घर्षणासाठी फक्त अडीच लाख जूल लागले असते. म्हणजे एकूण कार्याचा विचार केला तर उभा मार्गच स्वस्त!

तरीही बर्कले यांनी लांबची वाट निवडली. त्यांचा हिशेब चुकला होता का? मुळीच नाही. कार्य किती, यापेक्षा एका वेळी जोर किती, हा खरा प्रश्न होता. इंजिनाचा जोर शेवटी त्याच्या चाकांच्या पकडीवर अवलंबून असतो. रूळ कोरडे असतील तर इंजिनाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी पकड मिळते. सह्याद्रीच्या पावसात, ओल्या रुळांवर, ती दहाव्या भागावर येऊ शकते. उदाहरणादाखल चाळीस टनांचे इंजिन घ्या आणि त्याचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर आहे असे धरा. ओल्या रुळांवर ते फार तर चार टनांचा जोर लावील. उभ्या मार्गावर दर टनाला सुमारे एकशे साडेचार किलोंचा जोर लागतो. म्हणजे चाळीस टनांच्या इंजिनाला स्वतःलाच वर नेण्यासाठी चार टनांहून थोडा जास्त जोर हवा. डबे बाजूलाच राहिले, ते एकटेही चढणार नाही! त्याची चाके जागच्या जागी गरगर फिरत राहतील. सदतिसात एक या चढावर मात्र तेच इंजिन स्वतःला धरून सुमारे १२७ टन वजन वर नेऊ शकते. म्हणजे मागे ८७ टनांची गाडी जोडता येते.

आता राजूर घाटातील वळणांचा अर्थ तुम्हांला कळला असेल. वाट लांबवल्याने काम कमी होत नाही. पण तेच काम थोड्या थोड्या जोराने करता येते. एका दमात न उचलता येणारे ओझे पायरी पायरीने वर नेता येते.

बोरघाटात सर्वांत तीव्र चढ सदतिसात एक यापेक्षा अधिक होऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा बर्कले यांनी पाळली. कागदावर हे एका ओळीचे काम होते. प्रत्यक्षात त्यासाठी सारा डोंगर पायाखाली घालावा लागला. बर्कले आणि त्यांचे सहकारी दऱ्याखोऱ्यांतून पुन्हा पुन्हा मोजणी करत हिंडले. जेथे कडा आडवा आला तेथे बोगदा ठरला. जेथे दरी आली तेथे पूल ठरला. एके ठिकाणी वळण घ्यायलाही जागा उरली नाही. तेथे त्यांनी वेगळीच युक्ती केली. गाडी एका सपाट जागेत येऊन थांबायची. इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागायची. जिन्याच्या मधल्या चौकातून आपण उलटे वळतो ना, तसेच हे होते. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ साली नवीन मार्ग तयार होईपर्यंत गाड्या तेथे अशाच उलट्या फिरत असत.

बोरघाटाचे बांधकाम १८५६ साली सुरू झाले. एकूण पंचवीस बोगदे खोदायचे होते. त्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. हातोडा आणि पहार यांनी कातळाला भोके पाडायची, त्यांत बंदुकीची दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. काही कडे इतके उभे होते, की उभे राहायला पायाखाली जागा नसे. तेथे मजुरांना कमरेला दोर बांधून वरून खाली सोडत. दरीवर लोंबकळत ते कातळ फोडत. बाया आणि मुले टोपल्यांतून दगडमाती वाहत. १८६१ च्या जानेवारीत या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे काम करत होती.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. आपण वर जूल आणि किलोंचे आकडे मोजले. पण या माणसांच्या घामाचा हिशेब त्या आकड्यांत येत नाही. डोंगरात पिण्याचे चांगले पाणी नव्हते. पटकी आणि तापाच्या साथी आल्या, की झोपड्याच्या झोपड्या ओस पडत. सुरुंगाने, दरडीने आणि रोगाने हजारो मजूर मरण पावले. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. शिवाय मजुरीही वेळेवर मिळत नसे. मुख्य ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे आणि तेथून मुकादमाकडे पैसा येता येता अडून राही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी मोठा दंगा केला. चौकशी झाली, तेव्हा मजुरांची तक्रार खोटी नव्हती असे दिसून आले. पुढे मूळ ठेकेदाराने काम सोडले.

त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचे ठेकेदार इंग्लंडहून आले. पण थोड्याच आठवड्यांत आजारी पडून ते वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस परक्या मुलखात एकटी राहिली. ती परत गेली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण तिने पतीचा ठेका स्वतःच्या नावावर घेतला, जाणकार अभियंते नेमले आणि काम शेवटास नेले. घाटाच्या इतिहासात बर्कले यांच्याबरोबर या बाईंचेही नाव आदराने घेतले जाते.

दहा-अकरा वर्षे बर्कले यांनी ऊन, पाऊस आणि ताप यांची पर्वा न करता काम केले. त्यांची प्रकृती खालावत गेली. १८६१ साली त्यांना इंग्लंडला परतावे लागले. हवापालट झाला की बरे वाटेल आणि पुन्हा कामावर जाता येईल, अशी आशा होती. ती फळाला आली नाही. २५ ऑगस्ट १८६२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय फक्त बेचाळीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, १८६३ साली, बोरघाटातून पहिली गाडी धावू लागली. घाटासाठी मुद्दाम जड इंजिने तयार केली होती. जड का, ते आता तुम्ही सांगू शकाल. वजन जास्त तर चाकांची पकड जास्त. १८६५ साली थळ घाटाचा मार्गही खुला झाला. ज्याने हे घाट कागदावर आधी चढून पाहिले, त्याला त्यांतून जाणारी गाडी पाहता आली नाही.

सगळेच काम निर्दोष झाले असे मात्र नाही. १८६७ साली बोरघाटातील एक मोठा पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. घाईने केलेले दगडी काम किती महाग पडते, हा धडा त्यातून मिळाला. परंतु बर्कले यांनी ठरवलेला चढाचा हिशेब मात्र खरा ठरला.

थळ घाट खुला झाल्यावर रूळ वेगाने आपल्या मुलखात आले. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली होती. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. खामगावची बाजारपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला पडत होती. म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरांचा छोटा फाटा काढण्यात आला आणि १८७० साली तो सुरू झाला. ज्या गाठींना मुंबईला पोहोचायला कित्येक आठवडे लागत, त्या आता थोड्याच दिवसांत बंदरात जाऊ लागल्या. चिखलात चाकाला खांदा लावणाऱ्या गाडीवानाचे कष्ट रुळांनी आपल्या अंगावर घेतले.

मुंबई विद्यापीठाने बर्कले यांच्या नावाने अभियांत्रिकीच्या हुशार विद्यार्थ्यांसाठी एक पदक ठेवले. पण त्यांचे खरे स्मारक सह्याद्रीतच आहे. आजही कर्जतहून लोणावळ्याकडे आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना घाट चढताना जादा इंजिने जोडावी लागतात. वाफेची इंजिने गेली, विजेची आली. पण डोंगर तोच आहे, उंची तीच आहे आणि एक टन वजन वर न्यायला लागणारे कार्यही तेवढेच आहे.

तुम्ही कधी शेगावहून किंवा मलकापूरहून मुंबईला निघालात, तर इगतपुरीनंतर जागे राहा. गाडी बोगद्यांतून हळूहळू उतरू लागेल. ब्रेकचा करकर आवाज येईल. त्या आवाजात घर्षण आपले काम करत असते. खिडकीतून कातळाकडे पाहा. तो हातोड्याने आणि सुरुंगाने फोडलेला आहे. ज्याने वाट शोधली त्या अभियंत्याची आणि ज्यांनी ती खोदली त्या हजारो अनाम मजुरांची तेव्हा आठवण करा. मोठे ओझे समोर आले, की एकदम उचलता येत नाही म्हणून ते टाकून देऊ नका. त्याचा चढ कमी करा, वाट थोडी लांबू द्या आणि चालू लागा.